सोलापूरच्या हवा आराखड्यात जमिनीलगतच्या ओझोनसाठी काय मागावे?

जुळे सोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या भागातील नागरिक मंडळाने शहराच्या हवेविषयी एक लेखी निवेदन द्यायचे ठरवले आहे. महानगरपालिकेचा पर्यावरण स्थिती अहवाल दरवर्षी ३१ जुलैपूर्वी मांडला जाणे अपेक्षित असते, त्यामुळे त्याच्या पुरेसे आधी आपले म्हणणे पोहोचावे, असा हेतू आहे. मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूरचा समावेश आहे. मात्र त्या कार्यक्रमाचे उद्दिष्ट धूलिकण कमी करणे हे असल्यामुळे आपल्याकडील सगळी चर्चा रस्ते झाडण्याची यंत्रे, पाण्याचे फवारे, दुभाजकांतील झाडे आणि बांधकामांवरची हिरवी जाळी यांभोवतीच फिरते. ती कामे हवीतच. पण एप्रिल-मे महिन्यांत मी मोजणी केंद्राचे तासागणिक आकडे पाहत असतो, तेव्हा एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. सकाळी आणि रात्री वर असणारे नायट्रोजन डायऑक्साइड व धूलिकण दुपारी उतरतात आणि नेमका त्याच वेळी ओझोन चढू लागतो. ऊन कलले की तोही ओसरतो. संध्याकाळी कोणी आकडे पाहिले, तर दुपारी काय झाले होते याचा पत्ताच लागत नाही.

मंडळाच्या बैठकीत हे मांडल्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले की ओझोनचा थर टिकावा म्हणून सारे जग धडपडत असताना आपण तो कमी करण्याची मागणी का करायची? दुसऱ्यांचे म्हणणे असे पडले की ऊन काही महानगरपालिकेच्या हातात नाही, मग आराखड्यात लिहायचे तरी काय? या दोन्ही शंकांची नीट उत्तरे मला देता आली पाहिजेत. विशेषतः शहराच्या पातळीवर, उपलब्ध अधिकारांत आणि फार मोठ्या निधीशिवाय करता येण्याजोगी कामे जाणकारांनी सुचवावीत, ही विनंती.

रसायन शिक्षिका

आपल्या ज्येष्ठ सदस्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते. रेणू तोच, तीन ऑक्सिजन अणूंचा. जमिनीपासून पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर तो सूर्याची घातक अतिनील किरणे अडवतो आणि आपले रक्षण करतो. तोच रेणू नाकातोंडाशी आला की श्वासनलिकेच्या अस्तराचा दाह करतो, कारण तो अतिशय तीव्र ऑक्सिडीकारक आहे. दमेकऱ्यांना, लहान मुलांना आणि दिवसभर उघड्यावर काम करणाऱ्यांना त्याचा त्रास आधी होतो. धुळीसाठी वापरला जाणारा साधा मास्क त्याला अडवू शकत नाही, कारण तो वायू आहे. खालचा ओझोन कमी केल्याने वरच्या थराला काहीही धक्का लागत नाही, हे निवेदनात एका वाक्यात स्पष्ट लिहावे.

आता दुसरी शंका. ओझोन कोणत्याही धुराड्यातून किंवा सायलेन्सरमधून थेट बाहेर पडत नाही, तो हवेतच तयार होतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: ज्वलनातून येणारी नायट्रोजनची ऑक्साइडे, पेट्रोल, थिनर, रंग, अर्धवट जळलेला कचरा यांतून येणाऱ्या सेंद्रिय वाफा, आणि कडक ऊन. उन्हाने नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू फुटतो, त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा एकटा अणू हवेतील ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन बनतो. उरलेला नायट्रिक ऑक्साइड एरवी तोच ओझोन खाऊन पुन्हा डायऑक्साइड झाला असता आणि हिशेब बराचसा जुळला असता. पण हवेत सेंद्रिय वाफा असल्या की त्यांच्यापासून तयार होणारी मूलके (अतिशय क्रियाशील, क्षणभर टिकणारे रेणू) नायट्रिक ऑक्साइडला ओझोन न खर्चताच डायऑक्साइड करून टाकतात. मग ओझोन साचत जातो. ऊन आपल्या हाती नाही हे खरेच आहे, पण बाकीच्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी माणसाच्या हातच्या आहेत.

यातून एक अडचण उद्भवते आणि ती आराखडा करणाऱ्यांनी समजून घेतलीच पाहिजे. भर वाहतुकीच्या चौकात ताजा नायट्रिक ऑक्साइड इतका असतो की तो तिथला ओझोन गिळून टाकतो, त्यामुळे सात रस्त्यासारख्या ठिकाणी मोजला तर ओझोन कमी दिसेल आणि शहराच्या वाऱ्याखाली, गावाबाहेर, जास्त दिसेल. दाट वाहतुकीच्या भागात केवळ वाहनांचा धूर थोडासा कमी केला आणि वाफा तशाच राहू दिल्या, तर तिथला ओझोन काही काळ वाढूही शकतो. २०२० च्या टाळेबंदीत देशातील अनेक शहरांत नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने उतरला, तरी ओझोन त्या प्रमाणात उतरला नाही आणि काही ठिकाणी वाढला, त्याचे हे एक मुख्य कारण. म्हणून वाफा आणि धूर या दोन्हींवर एकदम काम करण्याची मागणी करावी, आणि कमी खर्चात लवकर हाती लागणाऱ्या वाफांना आरंभी प्राधान्य द्यावे.

मर्यादा अशा आहेत: २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे ओझोन आठ तासांच्या सरासरीने १०० आणि एका तासाच्या सरासरीने १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या आत असावा. धूलिकणांप्रमाणे त्याला वार्षिक मानक नाही, म्हणून वर्षाची सरासरी काढून ‘आपल्याकडे ओझोन ठीक आहे’ असे म्हणणे चुकीचे ठरते. मोजायचे ते उन्हाळ्याच्या दुपारचे आठ तास.

पार्क चौक

माफ करा, पण माझे मत थोडे वेगळे आहे. सोलापूरचा खरा शत्रू धूळ आहे. उन्हाळ्यात रस्त्याकडेची माती, खोदलेले चर, उघड्या ट्रकमधून सांडणारी वाळू, यांनी डोळे आणि छाती भरून जाते. ज्या शहराला रस्त्याच्या कडा पक्क्या करून घेणे जमलेले नाही, तिथे न दिसणाऱ्या वायूचा विषय काढला तर प्रशासनाचे लक्ष विभागले जाईल, अशी मला भीती वाटते. निधीही धुळीसाठीच येतो. शिवाय आपले प्रमाण मर्यादेच्या आत राहत असेल, तर आधीच घाई कशासाठी?

रसायन शिक्षिका

दादा, धुळीचे काम मागे पडावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. परंतु दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. चीनमध्ये २०१३ नंतरच्या काही वर्षांत सूक्ष्म धूलिकण मोठ्या प्रमाणात कमी करण्यात आले आणि त्याच काळात तेथील अनेक शहरांत उन्हाळी ओझोन वाढला. हवा निवळली की ऊन अधिक पोहोचते, आणि ओझोन बनवणाऱ्या साखळीतील काही मूलके जी एरवी कणांच्या पृष्ठभागावर नष्ट होतात, ती हवेत शिल्लक राहतात. म्हणजे धुळीच्या कामात आपण यशस्वी होऊ लागलो की ओझोनचा विषय पुढे येण्याची शक्यता आहे, आणि त्या वेळी हाती काहीच तयारी नसेल.

दुसरी गोष्ट म्हणजे कचरा जाळणे, बॉयलरचे अर्धवट ज्वलन आणि जुन्या वाहनांचा धूर ही सूक्ष्म धूलिकणांचीही उगमस्थाने आहेत आणि ओझोनच्या कच्च्या मालाचीही. तिथे केलेला खर्च दोन्हीकडे उपयोगी पडतो, लक्ष विभागले जात नाही.

अक्कलकोट रोड

चर्चा वाचून लिहावेसे वाटले. माझा चारचाकी गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचा व्यवसाय आहे आणि वाफांचा विषय रोज नाकाखालचा आहे. बाहेरच्या माणसाला वाटते की रंगातून प्रदूषण म्हणजे उडणारा रंग. खरी गोष्ट थिनरची आहे. रंग पत्र्यावर बसावा म्हणून त्यात थिनर मिसळायचे आणि रंग वाळणे म्हणजे ते सगळे थिनर हवेत जाणे, इतका हा सरळ व्यवहार आहे. त्याशिवाय प्रत्येक छटा बदलताना स्प्रे गन धुवावी लागते. बहुतेक ठिकाणी कारागीर गनच्या पेल्यात थिनर ओततो, झाकण लावतो आणि गन दाराबाहेर धरून ते हवेत मारून टाकतो, दोनदा, तीनदा, गनमधून स्वच्छ फवारा येईपर्यंत. उरलेले मळके थिनर मातीवर ओततात. डबा दिवसभर उघडाच असतो, कारण सारखे झाकण काढायला कोणाला सवड नसते. मे महिन्याच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत त्या डब्यातले थिनर संध्याकाळपर्यंत किती खाली जाते, हे आम्हा लोकांना चांगले माहीत असते.

यावर उपाय अवघड नाहीत. गन बंद पेटीत धुण्याचे यंत्र मिळते, त्यात थिनर पुन्हा पुन्हा वापरता येते. कमी दाबाची गन घेतली की रंगाचा जास्त भाग पत्र्यावर बसतो आणि मालही वाचतो. पाण्यावर आधारित बेस कोटही आता मिळतो, पण तो महाग आहे, कारागिरांना सवय लावावी लागते आणि छोट्या गॅरेजला आज तो परवडणार नाही, हे स्पष्ट सांगतो. म्हणून सक्तीने सुरुवात करू नये. झाकणबंद डबा आणि गन धुण्याची पेटी या दोन गोष्टींपासून सुरुवात करावी. पेटी चार-पाच गॅरेजांनी मिळून घेतली तरी चालते. याला लागणारा खर्च वाचलेल्या थिनरमधून निघतो, असे मला तरी वाटते.

आणखी एक उद्योग कोणाच्या नजरेत येत नाही, तो म्हणजे फ्लेक्स छपाई. आपल्या शहरात वाढदिवस, निवडी, जयंत्या यांचे किती फलक लागतात ते सांगायला नको. ते बहुतांशी सॉल्व्हंट शाईने छापले जातात आणि छपाईच्या खोलीत पाय ठेवला की वास डोक्यात जातो. कमी वाफेच्या शाईची यंत्रे बाजारात आहेत. महानगरपालिकेने स्वतःचे जाहिरात फलक तरी त्या शाईत छापून घ्यावेत.

रंगाईच्या कारखान्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण तो माझा धंदा नाही. एवढेच म्हणेन की चादर-टॉवेलच्या रंगाईत मोठा प्रश्न वाफांपेक्षा बॉयलरचा आहे. ओले लाकूड आणि हाताला येईल ते इंधन घातले की धूर काळा होतो, आणि काळा धूर म्हणजे पैसे जळत आहेत हे मालकालाही समजते.

दक्षिण सोलापूरचा बागायतदार

शिक्षिका ताईंनी ‘शहराच्या वाऱ्याखाली’ असा उल्लेख केला, तिथेच आम्ही राहतो. उन्हाळ्यात दुपारचा वारा आमच्याकडे बहुधा पश्चिमेकडून-वायव्येकडून येतो, म्हणजे शहरात आणि महामार्गांवर जे काही हवेत जाते, ते अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या शिवारांवरून पुढे सरकते. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत, आणि आमच्या तालुक्यात १३२० मेगावॉटचा कोळशावरचा वीज प्रकल्प आहे. या सगळ्यांवर नियंत्रण ठेवण्याचे काम महानगरपालिकेचे नव्हे, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आहे. त्यामुळे केवळ शहराच्या हद्दीपुरता आराखडा अपुरा राहील.

द्राक्षाबद्दल सांगतो, कारण ओझोनला संवेदनशील असलेल्या पिकांत त्याचे नाव फार जुने आहे. कॅलिफोर्नियात १९५८ मध्येच द्राक्षाच्या पानांवरचे ओझोनचे ठिपके ओळखले गेले होते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि त्यानंतरच्या नव्या फुटीवर पुढच्या हंगामाची घडनिर्मिती ठरते. म्हणजे वेलीला नवी पाने येण्याचा आणि तिचे भवितव्य ठरण्याचा काळ तोच, जो ओझोनसाठी सर्वांत अनुकूल आहे. याचे ठिपके पानाच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या जागेत, टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी-काळे असतात, आधी जुन्या पानांवर दिसतात आणि पान उलटून पाहिले तर खाली बुरशीची वाढ नसते. शेतकरी ते पाहून करपा समजतो आणि एक फवारणी वाढवतो. सगळ्याच ठिपक्यांचे कारण ओझोन आहे असा माझा दावा नाही. पण कृषी अधिकाऱ्यांनी निदानाच्या यादीत त्याचे नाव तरी धरावे. गहू आणि सोयाबीन हीही ओझोनने उत्पादन घटणारी पिके आहेत, आणि त्यांत अनेकदा पानावर काही ठळक न दिसताही दाणा कमी भरतो.

आमच्या बाजूनेही एक कर्तव्य आहे. उसाचे पाचट पेटवले की धूर, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सेंद्रिय वाफा एकत्र सुटतात. म्हणजे कच्चा माल आम्हीही पुरवतो. पाचट सरीत कुजवले तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, ओल टिकते आणि खोडव्याला फायदा होतो. कुट्टी करणारी यंत्रे गावपातळीवर भाड्याने वेळेत मिळाली पाहिजेत, एवढीच खरी अडचण आहे, कारण तोड संपल्यावर खोडव्याचे पाणी थांबवून ठेवता येत नाही.

नगररचना

‘मर्यादेच्या आत असू तर घाई कशासाठी’ हा प्रश्न वर आला आहे, त्याला अमेरिकेतील एक उदाहरण उपयोगी पडेल. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ मध्ये ‘ओझोन ॲडव्हान्स’ नावाचा ऐच्छिक कार्यक्रम सुरू केला, तो मुद्दाम अशा भागांसाठी होता जे मानकाच्या आत आहेत. मानक ओलांडल्यावर तिथे उद्योगांवर आणि रस्ते-प्रकल्पांवर कायदेशीर बंधने येतात, ती येण्याआधीच शहर, जिल्हा, उद्योग आणि नागरिकांनी मिळून आपल्या सोयीची कामे निवडावीत, अशी कल्पना होती. आपल्याकडे कायदेशीर चौकट निराळी आहे. मात्र मर्यादेच्या आत असतानाच काम स्वस्तात होते, हा भाग आपल्यालाही लागू आहे.

महानगरपालिकेच्या हातात काय आहे, ते पाहू. रस्त्याच्या कामात खडीवर जो पहिला पातळ थर मारतात, त्यासाठी रॉकेलसारख्या द्रवात पातळ केलेले कटबॅक डांबर वापरले, तर त्या द्रवाचा मोठा भाग हवेत जातो. डांबराचे बारीक थेंब पाण्यात मिसळलेले इमल्शन वापरले तर बहुतांश पाणीच उडते. निविदेत ‘फक्त इमल्शन’ असे लिहायला एक ओळ लागते. इमारती, दुभाजक, कठडे यांच्या रंगकामासाठी कमी वाफेच्या रंगाची अट घालायला दुसरी ओळ. एप्रिल-मे मध्ये तेलरंगाची कामे शक्यतो काढूच नयेत, आणि काढली तर ती दुपारी चारनंतर करावीत, कारण सकाळी हवेत गेलेल्या वाफांना ओझोन बनवायला संपूर्ण दिवसाचे ऊन मिळते, संध्याकाळी गेलेल्यांना मिळत नाही.

पेट्रोल पंपांचे तेच. टँकर रिकामा करताना आणि गाडीत भरताना निघणारी वाफ परत खेचून घेण्याची यंत्रणा असते, आणि मोठ्या विक्रीच्या पंपांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनाही आहेत. शहरातील कोणत्या पंपांवर ती बसवली आहे आणि ती चालू असते का, याची यादी जिल्हा प्रशासनाने जाहीर करावी, अशी मागणी करता येईल. नागरिकांनी उन्हाळ्यात संध्याकाळी पेट्रोल भरावे आणि नोझल आपोआप बंद झाल्यावर काठोकाठ भरण्याचा आग्रह धरू नये.

वाहतुकीबाबत सोलापूरची परिस्थिती विशेष आहे. पुणे-हैदराबाद महामार्ग आणि विजयपूर-धुळ्याकडचा महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात. जी जड वाहने शहरात थांबणारच नाहीत, ती बाह्यवळणाने जावीत, यासाठी लोक अपघातांच्या कारणाने वर्षानुवर्षे भांडत आले आहेत, त्या मागणीला हवेचेही कारण जोडावे. शहर बससेवा भरवशाची झाली तर दुचाकींची संख्या आटोक्यात येईल. हा खर्चाचा आणि सावकाश होणारा भाग आहे, पण तो वगळून चालणार नाही.

झाडांबद्दल एक सावधगिरी. निलगिरीसारखी काही झाडे उन्हात स्वतःच आयसोप्रीन नावाची वाफ मोठ्या प्रमाणात सोडतात. वृक्षारोपणाच्या यादीत अशी झाडे नसावीत. झाडे कमी लावा असा याचा अर्थ कोणी काढू नये, सावलीची सोलापूरला नितांत गरज आहे.

जुळे सोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. मसुद्याचा पहिला भाग ताईंच्या उत्तरावरून लिहितो. निविदेतील अटी, गॅरेजसाठी गन धुण्याची पेटी आणि पंपांची यादी हे मुद्दे थेट घेतो. शाळांच्या मैदानांसाठी एक सूचना मी स्वतः जोडत आहे: उन्हाळी शिबिरांतील धावण्याचे, दमवणारे सराव सकाळी लवकर संपवावेत आणि दुपारी बारा ते पाच या वेळेत मैदानावर मुलांना पळवू नये. उष्म्यासाठी हे सांगितले जातेच, आता त्याला दुसरे कारणही आहे.

एक शंका मात्र उरते. शहरातील मोजणीवरून वाऱ्याखालच्या गावांचे कसे कळणार? नवीन स्वयंचलित केंद्राची मागणी केली, तर त्याच्या खर्चापायी सगळे निवेदनच बाजूला पडेल.

रसायन शिक्षिका

त्यासाठी वीज न लागणाऱ्या लहान नळ्या मिळतात. त्यांत रसायन लावलेला कागद किंवा जाळी असते, ती आठवडा-पंधरवडा उघड्या हवेत पण पावसा-उन्हापासून झाकून टांगायची आणि नंतर प्रयोगशाळेत तपासायची. त्यातून त्या काळाची सरासरी कळते, दुपारचा उच्चांक कळत नाही, ही मर्यादा आहे. तरीही एकाच पंधरवड्यात सात रस्ता, जुळे सोलापूर, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहत आणि वाऱ्याखालची दोन-तीन गावे अशी तुलना करता येते. मोजणी केंद्राशेजारीही एक नळी टांगावी, म्हणजे तिचा आकडा यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहता येईल. ओझोनबरोबर नायट्रोजन डायऑक्साइडच्या नळ्याही लावाव्यात. तपासणीसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातील रसायनशास्त्र किंवा पर्यावरण विषयाच्या विभागाला मंडळाने पत्र द्यावे, विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणूनही हा विषय चांगला आहे.

दक्षिण सोलापूरचा बागायतदार

आमच्या बागेत हवामान यंत्र बसवलेले आहे, त्यावर तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा नोंदली जाते. नळी टांगायला जागा आहे आणि ती वेळेवर बदलण्याची जबाबदारी मी घेतो. फक्त फवारणीच्या दिवशी ती झाकून ठेवावी लागेल का, तेवढे ताईंनी सांगावे.

रसायन शिक्षिका

फवारणीच्या आधी नळी काढून टोपण लावून ठेवावी, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टांगावी, आणि काढल्याची व लावल्याची वेळ वहीत लिहून ठेवावी. सरासरी काढताना तेवढे तास वजा करता येतात.